प्रवचन आणि भक्तिगीत : मेळ कशाचा?

पवित्र मिस्सामध्ये आपण दर रविवारी दोन आवाज ऐकतो. एक वाचनपीठावरून येतो, दुसरा गायनमंडळाकडून. पहिला आवाज शुभवर्तमान वाचून त्यावर प्रवचन करतो. दुसरा आपल्याला गावयास लावतो. हे दोन आवाज एकमेकांशी काही बोलतात काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. विचारलाच तर तो उपासना समितीच्या बैठकीत निघतो आणि 'पुढच्या वेळी पाहू' या आश्वासनावर मिटतो. भक्तिगीतांची निवड ही फुलांच्या आरासीसारखी किंवा ध्वनिक्षेपकाच्या जोडणीसारखी व्यवस्थेची बाब आहे, ज्यांना त्यातले कळते त्यांनी ती पाहावी, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आम्हांस मात्र असे वाटते की, हा प्रश्न व्यवस्थेचा कमी आणि नीतीचा अधिक आहे.

असे वाटण्याचे कारण साधे आहे. प्रवचन आपण ऐकतो. ऐकताना मनातल्या मनात सहमत होण्याचे, असहमत होण्याचे, फार तर जांभई देण्याचेही स्वातंत्र्य आपल्याला असते. गीताचे तसे नाही. गीत आपण स्वतः म्हणतो. त्यातला 'मी' हा गाणाऱ्या प्रत्येकाचा 'मी' असतो. 'हे प्रभो, मी तुला सारे काही वाहिले' अशा अर्थाची ओळ निवडली गेली, की मंदिरातील शेकडो माणसे देवाला तसे वचन देऊन मोकळी होतात. शनिवारी संध्याकाळी चार-पाच जण एकत्र बसतात आणि रविवारी सकाळी संपूर्ण धर्मग्रामाने देवापुढे काय बोलावे हे ठरवितात. दुसऱ्याच्या मुखात शब्द घालणे हे केवढे जबाबदारीचे काम आहे, हे वकील जाणतो, दुभाषी जाणतो. गायनमंडळाने ते जाणू नये काय?

प्रत्यक्षात ही निवड कशी होते हे आपण सारे जाणतो. दिवसभर नोकरी करून, विरार लोकलच्या गर्दीतून अंग चोरत घरी आलेली तरुण मुले-मुली सरावाला जमतात. हार्मोनियम किंवा कीबोर्ड वाजविणाऱ्याला जी गाणी बसलेली असतात त्यांतून चार निवडली जातात: एक प्रवेशाचे, एक अर्पणाचे, एक ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळचे आणि एक समाप्तीचे. गेल्या रविवारी झालेले टाळावे, लोकांना आवडणारे घ्यावे, सूर फार वर जाऊ नये, इतका विचार होतो. त्याच सुमारास धर्मगुरू आपल्या खोलीत प्रवचनाची टिपणे काढीत बसलेले असतात. मंडळाला प्रवचनाचा विषय ठाऊक नसतो आणि फादरांना गाण्यांची यादी ठाऊक नसते. रविवारी दोन्ही गोष्टी प्रथमच एकमेकींना भेटतात. या मुलांच्या कष्टाविषयी आम्हांला आदरच आहे. त्यांच्यावाचून आपली मिस्सा मुकी होईल. दोष त्यांच्या निष्ठेत नाही. या कामाचे मोल आपण त्यांना कधी सांगितलेच नाही, हा दोष आपल्या सर्वांचा आहे.

एक उदाहरण घेऊ. सन १९६९ च्या आगमनकाळापासून आपल्या ख्रिस्तसभेत रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले. या चक्राच्या 'क' वर्षात सामान्यकाळाच्या सव्विसाव्या रविवारी श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला वाचला जातो. सन २०२५ मध्ये तो रविवार २८ सप्टेंबरला आला होता. जांभळी वस्त्रे नेसून रोज मेजवान्या झोडणारा धनिक आणि त्याच्या दारात फोडांनी भरलेला, ताटाखाली पडलेल्या तुकड्यांची आस धरून बसलेला लाजर. धनिकाने लाजराला मारले, हाकलले किंवा लुबाडले असे या दाखल्यात कोठेही म्हटलेले नाही. त्याने फक्त त्याला पाहिले नाही. त्याच दिवशीचे पहिले वाचन आमोस संदेष्ट्याच्या सहाव्या अध्यायातील आहे. हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या, कोवळ्या कोकरांवर ताव मारणाऱ्या लोकांवर आमोस कडाडतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांच्या अपराधांच्या यादीत गाण्याचाही उल्लेख आहे! हे लोक तंतुवाद्यांच्या साथीने निरर्थक गाणी गातात, दावीदासारखी वाद्ये शोधून काढतात. परंतु आपल्या बांधवांच्या नाशाचे त्यांना दुःख होत नाही, असा त्याचा आरोप आहे. त्याआधीच्या अध्यायात तर, तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापासून दूर करा, न्याय पाण्याच्या लोंढ्यासारखा वाहू द्या, अशा आशयाचे शब्द तो साक्षात देवाच्या मुखी घालतो.

आता कल्पना करावी की, या रविवारी फादरांनी मन लावून प्रवचन केले. आपल्या दारातला लाजर कोण, असा प्रश्न त्यांनी विचारला. वसई परिसरातल्या आपल्या गावांत या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. ज्यांच्या श्रमावर आपल्या वाड्या फुलल्या ते आदिवासी मजूर, विकल्या गेलेल्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींचे गिलावे करणारे परप्रांतीय कामगार, त्यांची पायवाटेवर खेळणारी मुले, यांना आपण रोज पाहतो आणि पाहत नाही. प्रवचन संपते. मंदिरात क्षणभर अस्वस्थता पसरते. कोणाला तरी आपल्या भाडेकरूची आठवण होते, कोणाला थकविलेल्या मजुरीची. इतक्यात अर्पणगीत सुरू होते. गीत गोड आहे, ठेका प्रसन्न आहे, आणि त्याचा सारा आशय इतकाच की, प्रभू, तू माझ्या अंतरी आहेस, मला शांती लाभली आहे, मला आणखी काहीही नको. लोक डोलू लागतात. पंधरा मिनिटांच्या प्रवचनाने जे काही ढवळले होते ते तीन मिनिटांत निवळते.

त्या गीतात असत्य असे काही नव्हते. दुसऱ्या एखाद्या रविवारी, दुःखाने थकलेल्या माणसांना तेच गीत आधार देऊन जाईल. परंतु त्या दिवशी, त्या जागी, त्याने धनिकाला पुन्हा त्याच्या पलंगावर नेऊन निजविले. चांगले गीत चुकीच्या जागी पडले म्हणजे त्याचा परिणाम वाईट गीतासारखाच होतो, हे आपण ध्यानी घेतले पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे: फादरांनी विषय आधी सांगावा आणि मंडळाने त्या विषयावरची गाणी शोधावीत. प्रवचन क्षमेवर असेल तर चारही गाणी क्षमेची, प्रवचन सेवेवर असेल तर चारही सेवेची. हा उपाय वरकरणी निर्दोष दिसतो. पण त्यातही एक धोका दडलेला आहे. गीत प्रवचनाचे चाकर झाले, की मिस्सा ही सभा होते आणि गीते ही त्या सभेतील घोषणा होतात. फादरांचे म्हणणे त्या दिवशी एकांगी असेल, घाईत तयार झालेले असेल, तर गीतेही तो एकांगीपणा चारपट करतील. शिवाय एकच गोष्ट पाच वेळा ऐकली म्हणजे ती मनात पाचपट खोल जाते असे नाही. बहुधा ती तेथे झिजून जाते.

प्रवचन हे स्वतःच धनी नाही, ते सेवक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो संविधानलेख प्रसिद्ध केला, त्यात प्रवचनाला उपासनेचाच भाग मानले आहे आणि पवित्र ग्रंथातून श्रद्धेची रहस्ये उलगडणे हे त्याचे कार्य सांगितले आहे. त्याच लेखात संगीताविषयी म्हटले आहे की, शब्दांशी एकरूप झालेले पवित्र गायन हे उपासनाविधीचे आवश्यक अंग आहे, आणि गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र शास्त्रातून व उपासनेच्या स्रोतांतून घ्यावेत. म्हणजे प्रवचन आणि गीत या दोघांचाही धनी एकच आहे, तो म्हणजे त्या दिवशी वाचलेला प्रभूचा शब्द. दोन सेवकांनी एकमेकांची चाकरी करायची नाही. दोघांनी मिळून धन्याची करायची. धन्याकडे लक्ष असले की त्यांचा आपसात मेळ आपोआप बसतो. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी शुभवर्तमानाच्या आनंदाविषयी लिहिलेल्या प्रबोधनपत्रात प्रवचनकाराला बजावले होते की, त्याचे शब्द मोजके असावेत, जेणेकरून सेवकापेक्षा प्रभूच लक्ष वेधून घेईल. हे वाक्य प्रवचनकारासाठी असले, तरी गायनमंडळाच्या खोलीतही ते टांगून ठेवण्याजोगे आहे.

आणि खरे पाहिले तर, त्या दिवसाचे एक गीत ख्रिस्तसभेने आपल्यासाठी आधीच निवडून ठेवलेले असते. ते म्हणजे पहिल्या वाचनानंतरचे प्रतिसादस्तोत्र. वर सांगितलेल्या सव्विसाव्या रविवारी ते १४६ वे स्तोत्र असते. त्यात कोणत्या देवाची स्तुती आहे? गांजलेल्यांना न्याय देणाऱ्या, भुकेल्यांना अन्न देणाऱ्या, बंदिवानांना मुक्त करणाऱ्या, परक्याचे रक्षण करणाऱ्या, अनाथाला व विधवेला सावरणाऱ्या देवाची. आमोसाने ज्या गाण्यांचा धिक्कार केला त्यांच्या उत्तरादाखल कोणते गाणे गावे, हेच जणू ख्रिस्तसभा त्याच्या पाठोपाठ आपल्याला शिकविते. हे स्तोत्र कोणालाही दटावत नाही, घोषणाही देत नाही. ते फक्त देवाची स्तुती करते. पण ती अशा देवाची असते की, ती मनापासून गाणाऱ्याला दारातला लाजर दिसल्यावाचून राहू नये.

प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी, त्याच 'क' वर्षात, उधळ्या पुत्राचा दाखला येतो. पहिले वाचन यहोशवाच्या ग्रंथातील: इस्राएल लोक वचनदत्त भूमीचे पहिले धान्य खातात आणि रानातला मान्ना बंद होतो. स्तोत्र ३४ वे: प्रभूचा चांगुलपणा चाखून पाहण्याचे निमंत्रण. आणि शुभवर्तमानात बाप पुष्ट वासरू कापून मेजवानी मांडतो. तिन्ही ठिकाणी ताट वाढलेले आहे. थोरला भाऊ मात्र अंगणात उभा राहतो, आत येत नाही. फादर प्रवचनात थोरल्या भावाविषयी बोलले, जमिनीच्या वाटणीवरून एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या आपल्या घरांविषयी बोलले, आणि नंतर ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी रांगेत जाताना सर्वांनी पुन्हा ते ३४ वे स्तोत्रच गायले, तर त्या गाण्यात प्रवचनाचा एकही शब्द नसतानाही ते प्रवचन पूर्ण होईल. वडिलांच्या पानावर बसायचे की अंगणातच उभे राहायचे, हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येकापुढे उभा राहील. पूरक या शब्दाचा अर्थ आम्ही असा समजतो. जे उरले आहे ते भरून काढते ते पूरक; प्रवचनाने प्रश्न उभा केला असेल, तर गीताने तो देवापुढे नेऊन ठेवावा.

दुर्दैवाने हे प्रतिसादस्तोत्रच आपल्याकडे सर्वांत उपेक्षित असते. ते पुष्कळदा घाईघाईने वाचून उरकले जाते, किंवा त्याच्या जागी कोणतेही एखादे परिचित गीत घेतले जाते. अन्य चार गाण्यांसाठी तासभर सराव करणाऱ्या मंडळाने या एका स्तोत्राला साधी चाल लावून त्याचे पालुपद लोकांच्या ओठी बसविले, तरी अर्धे काम झाले असे समजावे.

गीत आणि प्रवचन यांचा असा मेळ नवीन नाही. चौथ्या शतकात मिलान नगरीत संत अँब्रोज हे बिशप होते. ते नामांकित प्रवचनकार होते आणि स्तोत्रकारही होते. सन ३८६ मध्ये सम्राटमातेने त्यांच्यावर दबाव आणला, तेव्हा भाविक रात्रंदिवस मंदिरात राहून पहारा देऊ लागले. त्यांचे धैर्य खचू नये म्हणून पूर्वेकडील रीतीप्रमाणे स्तोत्रे व गीते गाण्याचा प्रघात तेथे पडला. याच नगरीत आगस्तीन नावाचा एक तरुण वक्तृत्वशिक्षक आला होता. प्रथम तो अँब्रोज यांच्या प्रवचनांना गेला तो त्यांचा आशय ऐकण्यासाठी नव्हे, तर शैली पारखण्यासाठी. परंतु आवडत्या शब्दांबरोबर नावडता आशयही मनात शिरत गेला, असे त्याने पुढे लिहून ठेवले. सन ३८७ च्या पास्खासणाला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्या दिवसांत मंदिरातील गायन ऐकून आपले डोळे कसे भरून येत, हेही त्याने नमूद केले. प्रवचनाने त्याची बुद्धी वळविली, गीताने त्याचे हृदय. दोन्हींच्या मागे एकच मेंढपाळ होता.

पण हेच संत आगस्तीन आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात गायनाविषयी शंकाही उपस्थित करतात. गायिलेल्या आशयापेक्षा गायनच मला अधिक हलविते, तेव्हा मी अपराध करतो आणि त्या वेळी गायक ऐकू आला नसता तर बरे, असे वाटते, हा त्यांचा कबुलीजबाब आहे. तरीही मंदिरातून गायन हद्दपार करावे असे ते म्हणत नाहीत. दुर्बल मनाला सुरांच्या आधाराने भक्तीकडे वर चढता येते, म्हणून ते या प्रथेच्या बाजूने कौल देतात. सोळाशे वर्षांनंतरही आपला पेच तोच आहे. सूर नसेल तर शब्द कोरडा राहतो, आणि सूर बेताल झाला तर शब्द बुडतो.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीत तर या मेळाचे एक परिपक्व शास्त्रच आहे. कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो. पूर्वरंगात त्याचा अर्थ उलगडतो, उत्तररंगात आख्यान सांगतो आणि शेवटी पुन्हा त्याच मूळ पदावर येऊन ठेपतो. मध्येच टाळकरी ओळ उचलतात, श्रोते ती घोळवितात. गाणे कोठे संपले आणि निरूपण कोठे सुरू झाले हे वेगळे काढता येत नाही. कारण दोन्ही एकाच वचनाभोवती फिरत असतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन आणि कीर्तन आणले ते या जाणिवेनेच. त्याच्याही तीनशे वर्षे आधी, १६१६ साली छापल्या गेलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त फादर थॉमस स्टीफन्स यांनी तारणाचा इतिहास सांगण्यासाठी ओवी पसंत केली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या त्या जेज्वीट धर्मगुरूने ओळखले की, या देशातील माणसाला उपदेश नुसता कानाने ऐकायचा नसतो, तो गुणगुणायचा असतो.

ओवीचा उल्लेख आला म्हणून चालीविषयीही बोलले पाहिजे. चित्रपटातील लोकप्रिय चालींवर भक्तिगीते बसविण्याची हौस आपल्याकडे अधूनमधून उफाळून येते. त्यावर आक्षेप घेतला की उत्तर मिळते, 'ओवीही लोकांचीच होती ना?' प्रश्न रास्त आहे. लोकांची चाल मंदिरात आली म्हणून मंदिर विटाळत नाही. मात्र प्रत्येक चाल आपल्याबरोबर आपल्या पहिल्या शब्दांची आठवण घेऊन येते. ओवीने जात्याची, पहाटेची आणि आईची आठवण आणली; ती आठवण प्रार्थनेला जवळची होती. एखाद्या प्रेमगीताची किंवा नाचाच्या गाण्याची चाल आली, तर ओठांवर एक शब्द आणि मनात दुसराच, अशी गाणाऱ्याची ओढाताण होते. सन १५६२ मध्ये त्रेंत येथील परिषदेने विषयवासनेला स्पर्श करणारे संगीत मंदिरापासून दूर ठेवावे असे ठरविले, आणि २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी पावित्र्य, कलात्मक सौंदर्य व सार्वत्रिकता हे उपासनासंगीताचे तीन गुण सांगितले. चाल कोठून आली यापेक्षा ती मनाला कोठे नेते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

आता मूळ नैतिक प्रश्नाकडे वळू. गीत हे जर आपले वचन असेल, तर जे आपण जगत नाही ते गाणे हे असत्य बोलणे नव्हे काय? शेजाऱ्याशी वर्षभर अबोला धरून बसलेला माणूस प्रेमाचे गीत गातो, तेव्हा तो ढोंग करीत नाही काय? काही प्रामाणिक माणसे याच कारणासाठी मंदिरात ओठ मिटून उभी राहतात. त्यांचा प्रामाणिकपणा आम्हांला मोलाचा वाटतो. तरी त्यांचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. तो मान्य केला तर 'हे आमच्या बापा' ही प्रार्थनादेखील कोणालाच म्हणता येणार नाही. कारण इतरांना क्षमा केल्याचे सांगून आपल्यासाठी क्षमा मागण्याचे धैर्य तिच्यात आहे, आणि ती क्षमा आपल्यातल्या कितीजणांनी पुरती केलेली असते? प्रार्थनेचे शब्द आपल्या जगण्याच्या नेहमी दोन पावले पुढे असतात. ते म्हणत म्हणत आपण त्यांच्याकडे चालत जायचे असते. असे गाणे खोटे नसते, ते मागणे असते.

परंतु येथेच निवडणाऱ्यांची जबाबदारी सुरू होते. काही गीते आपल्याला चालायला लावतात, आणि काही गीते आपण पोहोचलोच आहोत असा भास निर्माण करतात. 'प्रभू, मला देणारा कर' हे मागणे आहे. 'प्रभू, मी सारे दिले' ही दवंडी आहे. प्रवचनाने ज्या दिवशी आपली दुखरी जागा दाखविली, त्या दिवशी दवंडीचे गीत हे त्या जखमेवर घाईने बांधलेले फडके ठरते. म्हणून गीत निवडताना एक कसोटी लावावी असे आम्ही सुचवितो: आजच्या शब्दाने उघडलेले दार हे गीत उघडे ठेवते, की लावून घेते?

याच कसोटीची दुसरीही बाजू आहे. मंदिरात बसलेले सर्वजण एकाच अवस्थेत नसतात. क्षमेवरील प्रवचन ऐकताना कोणी भावाचा हिस्सा गिळून बसलेला असतो, तर कोणी स्त्री रोजचा मार सोसून आलेली असते. पहिल्याला हलविणारे शब्द दुसरीला चिरडू शकतात. समेटाचे जयघोषयुक्त गीत तिने कोणत्या तोंडाने गावे? अशा वेळी गीताने दयाळू असले पाहिजे. बायबलमधील दीडशे स्तोत्रांत नुसती स्तुती नाही. तेथे आक्रोश आहे, तक्रार आहे, 'कोठवर, हे प्रभो?' असा जाबही आहे. आपल्या गीतसंग्रहांत मात्र आनंदाच्या गीतांच्या मानाने विलापाची गीते फार थोडी. प्रवचनकार एका वेळी सर्वांना पुरा पडत नाही. जे त्याच्याकडून राहिले त्याला गीताने जागा करून द्यावी, हाही पूरकतेचाच अर्थ आहे.

आणि कधी कधी गीत नसणे हेच सर्वांत पूरक असते. प्रवचनानंतर थोडा वेळ शांत राहावे, असे मिस्साविधीच्या मार्गदर्शक नियमांतच सुचविले आहे. आपण मात्र शांततेला घाबरतो. फादर बसले की कोणीतरी कीबोर्डवर बोटे फिरवू लागतो, जणू मौन म्हणजे कार्यक्रमात पडलेला खंडच. ख्रिस्तसभा प्रायश्चित्तकाळात आल्लेलुया गात नाही आणि वाद्येही केवळ गायनाला आधार देण्यापुरती वापरते. त्या उपवासामुळेच पास्खाच्या रात्रीचा आल्लेलुया अंगावर रोमांच उभे करतो. कानालाही उपवास हवा असतो.

मग निवड कोणी करावी? फादरांनी एकट्याने नव्हे, मंडळाने एकट्याने नव्हे. १९७२ साली अमेरिकेतील बिशपांनी उपासनासंगीतासाठी तीन प्रकारचे निकष सांगितले होते: संगीत म्हणून ते चांगले आहे काय, विधीच्या त्या क्षणाला ते योग्य आहे काय, आणि या लोकांना, या स्थळी, ते प्रार्थना करण्यास साहाय्य करते काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगीत जाणणाऱ्याकडे असते, दुसऱ्याचे उपासनेचा अभ्यास असणाऱ्याकडे, आणि तिसऱ्याचे बहुधा मागच्या बाकावर बसलेल्या आजीकडे. तिघांनी एकमेकांचे ऐकले पाहिजे. कीबोर्ड वाजविणाऱ्याची सोय हा चौथा निकष जरूर असावा. तो पहिला असू नये.

यासाठी मोठ्या खर्चाची किंवा शिबिरांची गरज नाही. वाचने तर वर्षानुवर्षे आधी ठाऊक असतात. आठवड्याच्या मध्यावर फादर आणि मंडळाचा एखादा प्रतिनिधी यांनी अर्धा तास एकत्र बसून ती वाचावीत. विषय ठरविण्यासाठी नव्हे, शब्द ऐकण्यासाठी. सरावाच्या प्रारंभी मंडळाने शुभवर्तमान मोठ्याने वाचावे आणि मग गीतांची वही उघडावी. प्रत्येक रविवारी नवे गीत शिकविण्याच्या मागे लागू नये. लोकांना पाठ असलेले गीत योग्य जागी आले, की ते नव्यासारखे ऐकू येते. आणि घरोघरीही या विषयावर बोलणे व्हावे. दुपारच्या जेवणाला प्रवचन कसे झाले याची चिकित्सा आपण करतोच. त्याच पंगतीत, आज आपण देवाला गाऊन काय सांगितले, असाही प्रश्न मुलांना विचारून पाहावा. उत्तर देता आले नाही, तर गीत फक्त घशातून गेले असे समजावे.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांना दीर्घ उपदेश केला. पहिल्या दोन शुभवर्तमानांत नोंद आहे की, त्यानंतर त्यांनी स्तोत्र गायिले आणि ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. ओलांडण सणाच्या भोजनानंतर गायिली जाणारी ११३ ते ११८ या क्रमांकांतील स्तुतिस्तोत्रे त्यात असावीत, असे अभ्यासक मानतात. म्हणजे त्या रात्रीचे गीत उपस्थितांच्या आवडीचे म्हणून निवडलेले नव्हते. ते सणाने, शास्त्राने आणि पूर्वजांनी त्यांच्या हाती दिलेले होते. ज्या ओठांनी ते गायिले त्याच ओठांनी काही तासांत पेत्राने प्रभूला नाकारले आणि बाकीचे पळून गेले. प्रभूला हे ठाऊक होते. तरी तो त्यांच्याबरोबर गायिला. त्यांच्या दुबळ्या आवाजात त्याने आपला आवाज मिसळला आणि ते गीत गेथशेमानेच्या बागेत व क्रुसावर एकट्याने पूर्ण केले. पुढे हे शिष्यही त्या गीताला जागले. पण त्यासाठी त्यांना उभे आयुष्य लागले.

आपल्या रविवारच्या गीतालाही याच सोबतीचा आधार आहे. आपण जे गातो ते जगायला आपल्यालाही वेळ लागेल. म्हणूनच जे गायचे ते जगण्याजोगे असावे, त्या दिवशीच्या शब्दातून उगवलेले असावे, आणि मंदिराच्या पायऱ्या उतरून दाराशी बसलेल्या लाजरापर्यंत आपल्याबरोबर येणारे असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.